दादासाठी कॉलेज बघताना

४ जून

ही वही माझी नाही, दादाची आहे. त्याच्या शाळेतल्या जुन्या बाईंनी सांगितलं की मेडिकलला जायचंय तर रोज काय पाहिलंस, त्यातून काय शिकलास ते लिहीत जा, मुलाखतीत कामाला येतं. दादानं तारीख टाकली, खाली पट्टीनं रेघ मारली आणि पेन चावत बसला. मग म्हणाला, आज काही झालंच नाही. मी म्हटलं, दे इकडे, माझ्याकडे रोज होतं.

तर गेल्या वर्षी दादानं बारा मेडिकल कॉलेजांना अर्ज केले. बाराही अशी, की त्यांचं नाव घेताना आई आवाज खाली आणते. मार्क एवढे की शाळेनं त्याचा फोटो भिंतीवर लावला होता. (माझाही होता, पण वॉचमनच्या खोलीत.) एकाही कॉलेजनं मुलाखतीला बोलावलं नाही. दादा कित्येक दिवस ताटाकडे असा बघायचा, जसं काही ताटानंच नकार दिलाय.

बाबा म्हणाले, अजून एक वर्ष, त्यापुढे जमणार नाही. एवढंच बोलले आणि उठले. हल्ली एवढंच बोलतात.

म्हणून मी जाहीर केलंय की या वर्षी दादाचा कारभार माझ्याकडे. आई म्हणाली, म्हणजे पोराचं कल्याण झालं.

७ जून

माझी लायकी काय, असं दादानं विचारलं. मी झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे, ही लायकी. कॉलेज मी सोडलं की कॉलेजनं मला, यावर घरात दोन मतं आहेत, पण मेडिकलचे अर्ज मात्र गावभरचे माझ्या हाताखालून जातात. प्रत्येकाबरोबर ‘स्वतःविषयी’ म्हणून एक पान जोडायचं असतं. त्यातली अर्धी पानं ‘लहानपणापासून मला लोकांची सेवा करायची होती’ इथून सुरू होतात. मी रोज त्यांना स्टेपल मारते. एवढी सेवाभावी पोरं आमच्याच गल्लीत वाढली, तर माझी सायकल कुणी नेली?

दादाचं गेल्या वर्षीचं पान काढलं. पहिलं वाक्य तेच.

९ जून

दादाला सांगितलं, लग्नाची स्थळं बघतात तशी कॉलेजं बघायची. सगळी नाकं वर केलेली घराणी निवडलीस तर घोड्यावर बसणार कधी? थोडी त्यांच्यातली ठेवू, तुझी हौस. बरीचशी आपल्या तोलाची. आणि दोनचार अशी, जी आपणहून विचारतील. तो म्हणाला, कुठलं कसं ते ठरवायचं कशावरून?

मग मी आज दुकानातून फोन लावले. आवाज आत्याचा लावला. नाकात, थोडा ठसकत. अहो, आमचा भाचा फार हुशार आहे, पण तुमच्याकडे नक्की कसली मुलं घेतात? बहुतेकांनी वेबसाइट बघा म्हणून ठेवून दिला. एका लांबच्या सरकारी कॉलेजातली बाई मात्र गप्पांना बसली. म्हणाली, “मार्क आम्हाला कागदावर दिसतात हो आत्याबाई. मुलगा माणसांशी बोलतो का, ते दिसत नाही.”

दादा नाही बोलत. दादा माणसाला विचारतो ते सुद्धा रकाने भरतोय असं. मी त्याला विचारलं, शेवटचं तू कुणाशी उगाच बोललायस? तो बोटांवर महिने मोजायला लागला. ते कॉलेज मी यादीत टाकलं.

१ जुलै

दादा आता आठवड्यातून तीन दिवस मोठ्या दवाखान्याच्या चौकशी खिडकीवर बसतो, फुकट. आज एक आजोबा त्याला म्हणाले, पोरा, आत माणूस आहे का नुसती खिडकीच? घरी येऊन हे त्यानं सांगितलं तेव्हा मी हसले. मग त्याचं तोंड बघून थांबले. थोड्या उशिरानं थांबले.

६ जुलै

नवा उद्योग. रोज संध्याकाळी मी पेशंट होते आणि दादा डॉक्टर. काल घरमालक झाले, सगळीकडे दुखतं, पण हात लावू देत नाहीत. आज आत्या झाले, जे विचाराल ते सोडून बाकी सगळं सांगते. पहिल्यांदा दादा म्हणाला, “कृपया प्रश्नाचं उत्तर द्या.” मी आत्याच्या आवाजात रडायला लागले. दादा घाबरला आणि चक्क माझ्या पाठीवर हात ठेवला. मी म्हटलं, हे. हे लक्षात ठेव.

घरमालकांची नक्कल चालू असताना बाबा दारात येऊन उभे होते. आई हसून हसून खाली बसली. बाबांचा चेहरा हलला नाही. बघितलं, आणि आत गेले.

पूर्वी माझ्या नकलांवर बाबा एवढे हसायचे की चष्मा काढून डोळे पुसायला लागायचे. कॉलेज सुटल्यापासून बंद. मी काही मनाला लावून घेत नाही. नुसतं लिहून ठेवतेय.

२ ऑगस्ट

दादा सुधारतोय. परवा दवाखान्यात एका बाईला फक्त ‘लांबून आलात?’ असं विचारलं, तर ती सगळं बोलली, म्हणे. तो ते असं सांगत होता जसं विजेचा शोध लावलाय.

११ ऑगस्ट

आज गंमत करायला गेले आणि विचका झाला.

पेशंट संपले होते. बाबा गाडी शिकवायला गेले होते. (बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, एक गाडी आणि एक बाबा.) मी म्हटलं, आज बाबाच. आणि बाबांसारखी दारातून आले. छोटी छोटी पावलं, जशी फरशी ओली आहे. एक हात हलतोय, दुसरा अंगाला चिकटलेला. बसले, शर्टाच्या बटणाशी बराच वेळ भांडले. मग तो चेहरा केला. दगडी. पापणीसुद्धा हलवायची नाही. आणि तोंडातल्या तोंडात म्हटलं, चहा झाला का.

दादा आधी हसला. मग हसायचा थांबला. म्हणाला, परत चाल.

मी चालले.

“डावा हात का हलवत नाहीस?”

“बाबा हलवत नाहीत म्हणून.”

“नेहमी?”

मी म्हटलं, नेहमी, तुझं लक्ष पुस्तकात असतं. चेहऱ्याचं विचारलं. मी सांगितलं, तो माझ्यावरचा राग आहे. कधीपासून, म्हणाला. मी सांगितलं, वर्ष तरी झालं, माझं कॉलेज सुटलं तेव्हापासून. मग बाबांच्या आवाजाचं, सहीचं. मी म्हटलं, सही बारीक होत चाललीय, परवा फॉर्मवर मुंगी मेल्यासारखी दिसत होती. विनोद चांगला होता. दादानं दखल घेतली नाही. उठून त्याचं जाड पुस्तक काढलं आणि आमचं डॉक्टर-पेशंट तिथंच संपलं.

मला वाटतं त्याला बाबांची नक्कल आवडली नाही. बापाची टवाळी करू नये वगैरे.

१४ ऑगस्ट

दादाचं काहीतरी बिघडलंय. जेवताना बाबांना म्हणाला, बाबा, जरा अंगठा आणि बोट असं पटापट टेकवून दाखवा. बाबा म्हणाले, अभ्यास कर. अर्ज जाऊ दे आधी, मग माझ्यावर प्रयोग कर.

नंतर दादा मला म्हणाला, उद्या सुट्टीच आहे, बाबांच्या गाडीत मागे बस. का, तर नुसतं काय दिसतं ते सांग.

१५ ऑगस्ट

बसले. शिकणारी एक बँकेतली बाई होती, स्टीअरिंग असं धरलेलं, जसं काही ते पळून जाईल. बाबा ‘डावीकडे’ म्हणाले, तिनं तीनदा ‘काय?’ विचारलं. वळणावर एक सायकलवाला आडवा आला. बाबांच्या बाजूलाही ब्रेक असतो. बाबांचा पाय गेला त्यावर, पण आरामात, जसा चप्पल शोधायला जातो. तोवर त्या बाईनंच गाडी वळवली आणि फुटपाथवर चढवली. कुणाला काही लागलं नाही. बाईनं देवाचं नाव घेतलं, सायकलवाल्यानं आमच्या सगळ्या घराण्याचं.

मी हे दादाला रंगवून सांगितलं, सायकलवाल्याच्या आवाजासकट. त्यानं पुस्तक मिटलं आणि सरळ बाबांच्या खोलीत गेला. दार लावलं. आई बाहेर, मी बाहेर. आतून फक्त दादाचा आवाज येत होता, आणि तो खिडकीवाला आवाज नव्हता.

बाहेर आल्यावर बाबा आईला म्हणाले, सोमवारी दवाखान्यात जायचंय. गाडी घराखालीच उभी आहे. बाबांनी किल्ली दादाकडे दिली.

२१ ऑगस्ट

पार्किन्सन. मला वाटायचं त्यात हात थरथरतात. बाबांचे थरथरत नाहीत, म्हणून कुणाला कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, काहींना कंप फार उशिरा येतो, काहींना येतही नाही. हालचाल मंदावते, आवाज बसतो, अक्षर बारीक होतं, चेहऱ्याचे स्नायू आखडतात. माणसाला हसू येतं, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. गोळ्यांनी बरंच सुधारेल, म्हणाले. गाडी शिकवणं मात्र बंद.

बाबांना थोडी शंका होतीच म्हणे. दादाचा अर्ज जाईपर्यंत रेटायचं ठरवलं होतं. काम थांबलं तर दादा अर्ज सोडून कुठेतरी नोकरीला लागेल, ही भीती.

परत येताना रिक्षात मी बाबांच्या शेजारी होते. मला एकच विचारायचं होतं आणि ते धड विचारता येईना. शेवटी म्हटलं, बाबा, मी घरमालकांची नक्कल केली होती ना, तुम्ही दारात उभे होतात.

“हो.”

“तेव्हा तुम्ही रागावला होतात का?”

बाबा माझ्याकडे बघत राहिले. तोच चेहरा.

“आत जाऊन पलंगावर बसलो,” बाबा म्हणाले. “पोट दुखत होतं हसून.”

मी रिक्षावाल्याला उगाचच रस्ता विचारला.

१२ सप्टेंबर

आईनं चष्म्याच्या दुकानात पूर्ण दिवसाची नोकरी घेतली. दादा म्हणाला, मी या वर्षी थांबतो. बाबांनी मान हलवली, नाही अशी. बाबांची मान हळू हलते, त्यामुळे ते ‘नाही’ फार मोठं वाटलं.

३ ऑक्टोबर

यादी पक्की झाली. नाक वर केलेली तीन, तोलाची पाच, आपणहून विचारणारी दोन. दादानं ‘स्वतःविषयी’चं पान चौथ्यांदा लिहिलं. खिडकीवरच्या आजोबांचं लिहिलंय. चांगलं आहे, खरं आहे, पण बेताचं. मी म्हटलं, अरे बाबांचं लिही. घरात बसून आजार ओळखलास, अजून डॉक्टर व्हायचायस. असं पान माझ्या स्टेपलरखाली आजवर आलेलं नाही.

तो म्हणाला, ते बाबांचं आहे. मी म्हटलं, आजार त्यांचा, ओळखलास तू. तो म्हणाला, मी नाही ओळखला, आणि उठून गेला.

हुशार माणसांची हीच पंचाईत. हातात असलेलं दिसत नाही.

६ ऑक्टोबर

आज दादा दवाखान्यात होता आणि अर्ज पाठवायचं काम माझ्याकडे होतं. दुकानातून पाठवले, दहाच्या दहा. पाठवण्याआधी पानात एक परिच्छेद घातला. दादाच्याच भाषेत, मला सगळ्यांचीच भाषा येते. ‘एका संध्याकाळी वडिलांच्या चालीकडे पाहताना माझ्या लक्षात आलं’ इथून सुरुवात. वाचताना माझेच डोळे भरून आले.

दादाला सांगितलेलं नाही. जागा मिळाली की सांगेन. तेव्हा माझ्या पाया पडेल.

८ डिसेंबर

आलं! नाक वर केलेल्यांतल्या एकाचं मुलाखतीचं पत्र. आणि त्या लांबच्या सरकारीचंही. आई कपाटाला धरून उभी राहिली. माझ्यानं राहवेना. मी दादाला सांगून टाकलं, कुणामुळे आलं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, दहाही? मग म्हणाला, बाबांना वाचून दाखव.

मी म्हटलं, तूच दाखव. तो म्हणाला, लिहिलंस तू.

वाचलं. माझा आवाज कुणाचाच लागेना, माझाच राहिला. बाबांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, “यात आजार आहे. दादा आहे. मी कुठे आहे?”

मी म्हटलं, चालीत आहात.

९ डिसेंबर

दादानं दहाही कॉलेजांना पत्र पाठवलं. ‘एक परिच्छेद माझा नाही, माझ्या नकळत गेला, तो काढून टाकावा, घटनेचं श्रेय माझं नाही.’ कुणी घातला, ते माझं नाव त्यानं लिहिलं नाही. मी म्हटलं, लिही की. म्हणाला, गरज नाही.

मी विचारलं, दोन्ही मुलाखती गेल्या तर? तो म्हणाला, गेल्या तर गेल्या. पण बोटानं टेबलावर काहीतरी खरवडत होता. बाबांनी दिलेलं एक वर्ष हेच होतं. पुढच्या वर्षी त्याला द्यायला आता बाबांकडेही काही नाही.

१९ डिसेंबर

मोठ्या घराण्याचं उत्तर आलं. मुलाखत रद्द, पुढील वाटचालीस शुभेच्छा. दादानं वाचलं, घडी केली, दवाखान्यात गेला. त्याची पाळी नव्हती.

मी दिवसभर दुकानात एकही आवाज काढला नाही. मालकांनी विचारलं, बरं नाही का.

१६ जानेवारी

सरकारी कॉलेजनं मुलाखत ठेवली होती, आज झाली. दादा एकटाच जाऊन आला. तिथं तिघं होते. पहिलाच प्रश्न त्या पत्राचा. परिच्छेद कुणी लिहिला? दादा म्हणाला, मला मदत करायला निघालेल्या माणसानं. मग एकीनं विचारलं, आणि त्यात लिहिलंय ते खोटं आहे का?

दादा म्हणाला, नाही, घडलं ते खरं आहे, फक्त बघणारा मी नव्हतो. माझी बहीण रोज बघत होती. तिनं वर्षभर एकेक गोष्ट टिपली आणि करून दाखवली. मी त्याच घरात होतो आणि मला दिसलं नाही. यापुढचं वडिलांना विचारल्याशिवाय सांगता येणार नाही.

मग ती बाई म्हणाली, बरं, दवाखान्यातल्या खिडकीबद्दल बोला. त्याबद्दल ते बराच वेळ बोलले.

हे सगळं दादानं घरी येऊन सांगितलं, बूट काढता काढता. मी म्हटलं, तू माझी तारीफ करून जागा घालवलीस, येड्या. तो म्हणाला, तारीफ नव्हती. मग म्हणाला, थोडी होती.

२२ मार्च

मिळाली. लांबच्या सरकारीत. फी नावापुरती, राहायला वसतिगृह. आई रडली, आत्यानं फोनवर प्रश्न सोडून सगळी उत्तरं दिली. बाबांनी दादाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

हो का नाही ते परवा संध्याकाळपर्यंत कळवायचंय.

२४ मार्च

दादानं सकाळपासून ‘हो’ कळवलं नव्हतं. दुपारी दुकानात आला. मालक जेवायला गेले होते. स्टुलावर बसला आणि स्टेपलर उघडझाप करत राहिला. म्हणाला, बाबांच्या गोळ्यांच्या वेळा बदलत राहणार. पुढे चालायला त्रास होईल, बटणं होणार नाहीत. आई दिवसभर नसते. मी पाच वर्षं तिकडे.

मी म्हटलं, मग?

“तू असशील का इथे?”

मला लगेच एक विनोद सुचला. चांगला होता, आत्याच्या आवाजात. ओठावर आला होता. मग मी दादाकडे बघितलं. त्यानं खरंच विचारलं होतं, आणि उत्तरावर सगळं अडलं होतं.

मी म्हटलं, “हो.”

तो म्हणाला, विचार करून सांग. मी म्हटलं, केला. त्यानं दुकानाच्याच कॉम्प्युटरवरून कळवलं. मी पोच छापून दिली आणि स्टेपल न मारता हातात ठेवली.

घरी आले तर बाबा खिडकीत बसले होते. त्यांच्या शेजारी बसले. दादाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, आईलाही नाही, पण बाबांना सांगितलं, की मला भीती वाटतेय.

बाबा म्हणाले, “मलाही.”

मग आम्ही चहा केला. कप मी धरला.